चादरीची चौकशी

पुण्याचे पाहुणे माईकवर म्हणाले,
पृथ्वीभोवती वायूंची एक जाड चादर लपेटली गेली आहे.

एवढंच म्हणाले बिचारे.
पण म्हणाले सोलापुरात,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
समोर दीडशे यंत्रमागवाले,
तारीख सत्तावीस एप्रिल, बाहेर त्रेचाळीस पॉइंट आठ.

पहिल्या रांगेतून अंबादास बोमड्याल उठले.
चष्मा पुसला, परत लावला.
"साईज काय?"

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, विनोद.
"सिंगल का डबल? सूत कुठल्या नंबरचं?
वजन सांगा ओ, वजनाशिवाय जाड कसं म्हणता?
रंग पक्का आहे का, धुऊन बघितलाय का कुणी?
आणि मुख्य म्हणजे ऑर्डर कुणाची?
ज्यानं काढून घेतली त्यानं पैसे दिलेत,
का उधारीवर आहे सगळं?"

"अहो, ही उपमा आहे," पाहुणे म्हणाले.
"उपमा सकाळीच झाला," मागून कुणीतरी,
"आता चादरीचं बोला."

मी संघाचा कारकून, कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होतो.
मला दोन्ही बाजू पटतात.
जो शेवटी बोलतो तो जरा जास्त पटतो.

मग रेवणसिद्ध हत्तुरे गुरुजी, रिटायर्ड, भूगोल.
पिशवीतून वही काढली, वहीतून वडिलांची वही.
"हे बघा, माझ्या मुंजी... नाही, बारशाच्या दिवशीही
लोक घामानं भिजलेले, असं लिहिलंय इथं.
सोलापूर म्हणजे उन्हाळाच, त्यात नवीन काय?
ही सगळी बाहेरच्यांची यंत्रं खपवायची युक्ती."
"मग गच्चीवर सोलर कशाला बसवलात गुरुजी?"
"ते सबसिडीत होतं.
सबसिडीवर माझा विश्वास आहे."

पडद्यावर पांढरं अस्वल आलं, बर्फाच्या तुकड्यावर.
सगळे जरा वेळ गप्प बसले.
त्या बर्फाकडे असं बघत होते
जसं लग्नात दुसऱ्या पंगतीचे लोक पहिल्या पंगतीकडे.

"दीड अंश," पाहुणे म्हणाले, "फक्त दीड अंश जरी..."
"दीड? नव्या पेठेतून सात रस्त्याला गेलं
तरी तेवढा फरक पडतोय की."

तेवढ्यात लाईट गेली.
एसी एकदा खाकरला आणि मेला.
जनरेटर लागला, डिझेलचा धूर खिडकीतून आत आला,
आणि पडदा उजळला तर नेमकी पुढची स्लाईड: धूर.
टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय.

शेवटी सत्कार.
सोलापुरात सत्कार म्हणजे काय देणार?
डबल, मोरांची, बोमड्यालांच्याच मागावरची,
पाहुण्यांच्या खांद्यावर पडली, गळ्यापर्यंत आली.
फोटोवाला म्हणाला, एक अजून. मग म्हणाला, हलला, परत.
पाहुण्यांच्या कानशिलावरून घामाची धार निघाली,
हात चादरीच्या टोकाकडे गेला,
तर बोमड्याल हळूच पुटपुटले,
"काढू नका, अध्यक्ष यायचेत अजून."

अध्यक्ष आले पाऊण तासानं.
तोवर पाहुण्यांना सगळं समजलं होतं
आणि बोमड्यालांनाही, मला वाटतं, थोडं.
कारण जाताना त्यांनी चादरीला हात लावून बघितला
आणि स्वतःशीच म्हणाले, "वजन जास्तच झालंय बे."

मी लिहिलं:
चादरीच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली.
पुढील सभा जुलैत, थोडं गार झाल्यावर.

रात्री दोन वाजता गच्चीवर पडलोय.
फरशी अजून दुपारचंच बोलतेय.
शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी, "लई उकडलालंय बे,"
आणि अंधारातून गुरुजींचा आवाज, "पूर्वीपण उकडायचं!"
डास चावले म्हणून चादर ओढली,
जीव घाबरला म्हणून फेकली,
परत डास.

आता एक पाय आत आहे, एक बाहेर.
या प्रश्नावर माझी भूमिका विचाराल
तर तूर्त हीच आहे.